पहिला कॅमेरा आणि सहा ‘नियम’: कुठे काय चुकतंय

हौसेनं फोटोग्राफी सुरू करणाऱ्यांसाठी एक यादी हल्ली या फोनवरून त्या फोनवर फिरतेय. ‘पहिला कॅमेरा घेताना हे सहा नियम पाळा, पैसे वाया जाणार नाहीत’ असा तिचा थाट. नियम थोडक्यात असे: २४ मेगापिक्सेलच्या खाली काही बघू नका. झूम जितका जास्त तितका कॅमेरा भारी. फुल फ्रेम परवडत नसेल तर फोनच बरा. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी साधी लेन्स) म्हणजे कचरा, नुसती बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्या. डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) संपला, त्यात पैसे घालू नका. आणि सेकंडहँड कॅमेऱ्याला हातही लावू नका.

आधी हे बघा की दुसरा आणि तिसरा नियम एकत्र पाळताच येत नाहीत. प्रचंड झूमचे कॅमेरे बनतात ते सगळ्यात छोट्या सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर), आणि फुल फ्रेम म्हणजे नेहमीच्या कॅमेऱ्यांतला सगळ्यात मोठा सेन्सर. लिहिणाऱ्यानं स्वतःची यादी एकदा सलग वाचली असती तरी हे लक्षात आलं असतं. असो. एकेक घेऊ.

‘२४ मेगापिक्सेलच्या खाली बघू नका’

मेगापिक्सेल म्हणजे फोटोत किती ठिपके आहेत त्याचा आकडा. ते ठिपके चांगले आहेत की वाईट, हे त्यातून कळत नाही. ए-४ कागदावर ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे उत्तम दर्जाची छपाई करायची तर ३५०८ गुणिले २४८० ठिपके लागतात, म्हणजे जेमतेम ८७ लाख. फोर-के टीव्हीवर पूर्ण पडदाभर फोटो दाखवायला ३८४० गुणिले २१६०, म्हणजे साधारण ८३ लाख. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा ही दोन्ही कामं करून वर थोडे ठिपके शिल्लक ठेवतो. फोनच्या पडद्यावर पाठवायच्या फोटोंचा तर विषयच सोडा.

शिवाय २४ म्हणजे १२ च्या दुप्पट तपशील, असंही नाही. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० ठिपके रुंद असतो, १२ चा साधारण ४२४०. म्हणजे एका बाजूनं फरक सुमारे ४० टक्क्यांचा. रुंदीत खरोखर दुप्पट हवं असेल तर ४८ लागतील. २००५ चा कॅनन ५डी १२.८ मेगापिक्सेलचा होता, २००८ चा निकॉन डी७०० १२.१ चा, आणि त्यांवर व्यावसायिक लोकांनी लग्नं, मासिकं, जाहिराती केल्या. सोनीनं २०१४ मध्ये ए७एस काढला तो १२.२ मेगापिक्सेलचाच, कारण अंधारातलं चित्रीकरण हे त्याचं मुख्य काम होतं. सगळ्यात बोलका दाखला मात्र कॅननच्या खिशातल्या कॅमेऱ्यांचा. २००८ चा पॉवरशॉट जी१० होता १४.७ मेगापिक्सेलचा, आणि पुढच्याच वर्षी आलेला जी११ होता १० चा. नवीन मॉडेल, तेवढ्याच आकाराचा सेन्सर, आणि कंपनीनंच आकडा खाली आणलेला.

याच्या उलटी अफवाही फिरते, की मेगापिक्सेल वाढले की फोटो खराबच होतो. तेही खरं नाही. सारख्याच आकाराचे आणि सारख्याच पिढीतले दोन सेन्सर असतील, तर दोघांचे फोटो एकाच मापात छापल्यावर फरक फारसा उरत नाही. पक्ष्यांचे फोटो कापून मोठे करायचे असतील तर जास्त ठिपके कामालाही येतात. बरं, आता सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत २०-२४ मिळतातच, त्यामुळे नव्यात निवड करायला हा आकडा निरुपयोगी झालाय. तो घातक ठरतो दोन ठिकाणी. एक, जुना १२ किंवा १६ मेगापिक्सेलचा चांगला कॅमेरा स्वस्तात मिळत असताना माणूस तो सोडून देतो. दुसरं, ‘४८ मेगापिक्सेल, व्लॉगिंगसाठी’ असं खोक्यावर छापलेले अनोळखी नावाचे कॅमेरे तो घेऊन बसतो. अशा कॅमेऱ्यांत बऱ्याचदा सेन्सर नखाएवढाही नसतो आणि उरलेले ठिपके सॉफ्टवेअरनं मधेमधे भरलेले असतात. ओळखायची खूण सोपी: सेन्सरचा आकार खोक्यावर लिहिलेलाच नसतो. नमुन्याचा फोटो मिळाला तर तो १०० टक्के मोठा करून केस, गवत किंवा विणलेला स्वेटर बघा. धागे एकमेकांत विरघळलेले दिसतील.

‘झूम जितका जास्त तितका भारी’

‘५० एक्स’ हा आकडा लांबचं किती जवळ येईल ते सांगत नाही. सगळ्यात लांब टोकाला सगळ्यात जवळच्या टोकानं भागलं की तो मिळतो, बस्स. वन्यजीव फोटोग्राफर खांद्यावर वाहून नेतात ती ६०० मिमीची लेन्स (मिमीचा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) या हिशेबानं ‘१ एक्स’ आहे. तिला झूमच नाही.

एक टोकाचं उदाहरण घेऊ. निकॉनचा पी१००० (२०१८) १२५ एक्स झूमचा, फुल फ्रेमच्या भाषेत २४ ते ३००० मिमी. ऐकायला अचाट. हे जमतं कारण सेन्सर अवघा ६.२ मिमी रुंद आहे. पूर्ण झूमला लेन्सचं छिद्र एफ/८ वर येतं (एफचा आकडा मोठा, तर छिद्र लहान). एफ/८ ला प्रकाश वाकून एका बिंदूची जी चकती तयार होते ती साधारण १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) रुंद असते, हा भौतिकशास्त्राचा हिशेब आहे, त्यात कंपनीचा दोष नाही. या सेन्सरवरचा एक ठिपका मात्र सुमारे १.३ मायक्रॉनचा. म्हणजे एक बिंदू सात-आठ ठिपक्यांच्या रुंदीत सांडतो. १६ मेगापिक्सेल लिहिलेले असले तरी त्या टोकाला तेवढा तपशील येऊ शकत नाही. त्यात हाताची थरथर आणि उन्हानं तापलेल्या हवेचं लहरणं धरा.

तरी हा कॅमेरा टाकाऊ म्हणणार नाही. चंद्राचे खड्डे किंवा भर उन्हात फांदीवर शांत बसलेला पक्षी एवढंच टिपायचं असेल, तर या किमतीत दुसरं काही त्याच्या जवळपास जात नाही. पण यादी सांगते ‘पहिला कॅमेरा’. पहिल्या कॅमेऱ्यावर घरातली मुलं, संध्याकाळचा रस्ता, स्नेहसंमेलन, असं सगळं काढायचं असतं, आणि तिथे छोटा सेन्सर लगेच धाप टाकतो.

‘फुल फ्रेम नाही तर फोनच बरा’

सेन्सरचं क्षेत्रफळ मांडून बघा. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा २८ चौरस मिमीच्या आसपास. एपीएस-सी, म्हणजे बहुतेक सुरुवातीच्या डीएसएलआर आणि मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांतला, साधारण ३६७ (कॅननचा थोडा लहान). फुल फ्रेम ८६४. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतची उडी तेरापट, दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंतची सव्वादोनपटीच्या जरा वर. पैशांची उडी मात्र नेमकी दुसऱ्या टप्प्यावर मोठी, आणि लेन्सही महाग नि जड होतात ते वेगळंच.

आता फोनवाल्यांचं खरं तेही मान्य करायला हवं. चांगल्या महागड्या फोनांत एक-इंची म्हणवला जाणारा सेन्सर येतो, क्षेत्रफळ ११६ चौरस मिमी, आणि त्यापुढे एफ/१.९ ची लेन्स. तिचं छिद्र मोजलं तर साडेचार मिमीच्या आसपास भरतं. एपीएस-सी कॅमेऱ्यावर किट लेन्स १८ मिमीला एफ/३.५ वर ठेवली, तर छिद्र पाच मिमीच्या किंचित वर. दृश्य जवळपास तेवढंच रुंद. म्हणजे अंधाऱ्या खोलीत त्या दृश्यातून आत येणारा एकूण प्रकाश दोघांचा जवळजवळ सारखा! वर फोन पाच-सात फोटो घेऊन एकावर एक रचतो. म्हणून नवा कॅमेरा घेतलेला माणूस पहिल्याच रात्री हिरमुसतो आणि यादीवर विश्वास ठेवून बसतो.

पण चूक इथे सेन्सरची नाही. त्याच कॅमेऱ्यावर ३५ मिमी एफ/१.८ लावा, छिद्र १९ मिमी होतं. ५० मिमी एफ/१.८ लावा, जवळजवळ २८ मिमी. फोनच्या जाडीत हे मावणारच नाही. शिवाय फोनची रचारची हलत्या माणसावर फसते, आणि पळणारं पोर काही सात फोटो होईपर्यंत थांबत नाही.

‘किट लेन्स कचरा, नुसती बॉडी घ्या’

निम्मं बरोबर, म्हणून जास्त धोकादायक. १८-५५ ची किट लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/१.८ ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे दिव्याखाली बसलेल्या आजीचा जो फोटो किट लेन्सनं १/२० सेकंदावर हलतो, तोच १/२०० वर स्थिर येतो. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता ठरवणारा आकडा) तोच, कॅमेरा तोच. म्हणून पैसे शिल्लक असतील तर महागडी बॉडी घेण्याऐवजी खालच्या मॉडेलची बॉडी आणि वर ही एक लेन्स घ्या, हे मी कुणालाही सांगेन.

पण किट लेन्स टाकायची कशाला? दिवसाउजेडी एफ/८ वर ती पुरेशी धारदार असते, हलकी असते, बऱ्याच किट लेन्समध्ये कंपनं रोखायची सोय असते. शिवाय तुम्हाला नक्की कोणतं अंतर आवडतं ते तीच सांगते. काही महिने वापरा आणि फोटोंच्या माहितीत फोकल लेंथ (लेन्सचा मिमीतला आकडा) बघा. बहुतेक फोटो ३५ च्या आसपास दिसले तर ५० ची लेन्स घरात नुसती अडचण होईल: एपीएस-सी वर ती ७५-८० मिमीसारखी वागते, आणि छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकते.

‘डीएसएलआर संपला’

कंपन्यांच्या दृष्टीनं बऱ्याच अंशी खरं आहे. कॅनन आणि निकॉन दोघांनी २०१८ मध्ये फुल फ्रेम मिररलेससाठी नवे माउंट (लेन्स बसवायची खाच) आणले, आणि त्यांची नवी कामं तिकडेच चालतात. डोळा ओळखून फोकस धरणं, व्ह्यूफाइंडरमध्येच (डोळा लावायच्या खिडकीतच) फोटो किती उजळ येईल ते दिसणं, व्हिडिओ, या सगळ्यात मिररलेस पुढे आहे. व्हिडिओच करायचे असतील तर डीएसएलआर घेऊच नका.

फक्त फोटो काढायचे असतील तर हिशेब वेगळा. कंपनीनं पाठ फिरवली की वापरलेल्या वस्तूचा भाव उतरतो, फोटो उतरत नाही. कॅननचा ईएफ माउंट १९८७ चा, निकॉनचा एफ १९५९ चा. इतक्या वर्षांच्या लेन्स बाजारात पडून आहेत. बॅटरीही बघा: निकॉन डी३५०० एका चार्जवर प्रमाणित चाचणीत १५५० फोटो देतो, सोनी ए६००० साडेतीनशेच्या आसपास.

यात एक खड्डा आहे, आणि त्याबद्दल यादीत अवाक्षर नाही. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुनी ५० मिमी एफ/१.८ डी लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून आणली, तर ती बसते, फोटोही निघतो, पण फोकस हातानं फिरवावा लागतो. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं असेल तर मोटर लेन्समध्येच आहे. आणि उलटा खड्डा असा, की डी९० सारख्या जुन्या, मोटर असलेल्या बॉडीवर एएफ-पी लेन्स फोकसच करत नाही. बॉडी आणि लेन्स वेगवेगळ्या ठिकाणांहून घेत असाल तर ही अक्षरं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

‘सेकंडहँडला हात लावू नका’

हात तर लावाच, तोच तर मुद्दा आहे. कमी पैशांत सगळ्यात जास्त कॅमेरा इथेच मिळतो. सुरुवातीच्या डीएसएलआरच्या शटरची (सेन्सरसमोर उघडझाप करणाऱ्या पडद्याची) कंपनी साधारण एक लाख उघडझापीपर्यंत चाचणी घेते, आणि हौशी माणसाचे बरेच कॅमेरे त्याच्या आसपासही न जाता कपाटात पडून राहतात. निकॉनच्या फोटो फाइलमध्येच हा आकडा लिहिलेला असतो. जागेवर एक फोटो काढून तो तपासता येतो. कॅननच्या फाइलमध्ये तो सहसा नसतो, तिथे विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा वस्तूकडे बघा. ग्रिपचं रबर सुटलंय का, बुडाच्या स्क्रूंची डोकी ओरखडलेली आहेत का (असतील तर कुणीतरी कॅमेरा उघडलाय), कार्डाच्या खाचेतल्या पिना सरळ आहेत का.

मग एफ/१६ वर, फोकस मुद्दाम घालवून, मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळपट ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, त्यावरून भाव पाडा. झाकण लावून काही सेकंदांचा फोटो काढा. काळ्यात रंगीत ठिणग्या विखुरलेल्या दिसल्या तर ते अडकलेले किंवा तापलेले ठिपके. दोन-चार असणं नेहमीचं, पडदाभर असतील तर निघा.

शेवटी लेन्स. दोन्ही झाकणं काढा, छिद्र पूर्ण उघडं ठेवा आणि मागून तिरका टॉर्च मारून पुढून बघा. धुळीचे कण प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात, त्यांनी काही बिघडत नाही. पण कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे दिसले तर ती बुरशी. आज ती फोटोत दिसणार नाही, विकणारा तसे फोटो काढून दाखवेलही. दमट कपाटात ती पसरते आणि काचेवरचा लेप खाते. अशा वेळी भाव कितीही उतरवला तरी लेन्स त्याच्याकडेच राहू द्या आणि नुसत्या बॉडीची किंमत विचारा.