दुपारी तीनची कसोटी

बदलीचा हुकूम एप्रिलच्या अखेरीस हाती पडला आणि धुळ्याचे बिऱ्हाड जळगावला हलवण्यासाठी ऐन मे महिन्यात, म्हणजे पारा ४५ अंशांशी सलगी करीत असताना, मला भाड्याचे घर शोधावे लागले. घरे पुष्कळ होती. भरवशाचा दलाल मात्र सापडेना. अर्थात, स्वतःला दलाल म्हणवून घेणारा आता कोणीच उरलेला नाही. पाट्यांवर सगळे 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' झाले आहेत, मात्र एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेण्याची रीत त्यांनी श्रद्धेने जपली आहे.

पहिल्या कन्सल्टंटने नावनोंदणीचे ५०० रुपये आधी घेतले आणि मग मोबाइलवर दाखवलेले प्रत्येक घर 'कालच गेले' असे अत्यंत हळहळून सांगितले. त्याची हळहळ इतकी अस्सल होती की, ५०० रुपये परत मागणे मलाच असभ्यपणाचे वाटले.

दुसऱ्याने सकाळी साडेसहाला बोलावले. तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांत झुळूक येत होती. "एकदम थंडगार शे, भाऊ," तो म्हणाला. सौभाग्यवतींनी काही न बोलता पश्चिमेकडच्या भिंतीला तळहात लावला. भिंत अजून कोमट होती. "चूल काल संध्याकाळी विझलेली दिसते," त्या म्हणाल्या, "पण पापड अजून भाजता येतील."

याच गृहस्थांनी करारनाम्याविषयी मला धीर दिला. करार ११ महिन्यांचाच असल्यामुळे नोंदणीची गरज नाही, स्टॅम्पपेपरवर नोटरी केली की भागते, असे ते म्हणाले. मी कारकुनी पेशातला माणूस असल्यामुळे मला कलमांची खोड आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. ती जबाबदारी घरमालकाची असते आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे मी त्यांना सविस्तर सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि त्यानंतर माझा फोन कधीही उचलला नाही.

तेव्हा मी एकच अट ठेवली : घर दुपारी तीन वाजता दाखवावे. या अटीने दलालांची जी चाळणी झाली, तशी कोणत्याही सरकारी परवान्याने झाली नसती. एकाच्या मामेभावाची हळद निघाली, एकाच्या घराची किल्ली मालकाबरोबर भुसावळला गेली, आणि एकाने तर माझ्या प्रकृतीची काळजी व्यक्त केली.

चौथ्या दिवशी मात्र एक गृहस्थ बरोबर तीनला स्कूटरवरून आले. डोक्याला ओला रुमाल होता आणि उन्हाची झळ लागू नये म्हणून शर्टाच्या खिशात कांदा होता. ज्याच्या खिशात कांदा आहे, तो भर दुपारी घरे दाखवणारा मनुष्य आहे, हे मी तेथेच ताडले. त्यांनी कुलूप काढले, मला आत नेले आणि मी घामाने निथळेपर्यंत ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, दुपारले आठे कोनीच थांबत नही. तुमची अट ऐकी म्हनीसन आनलं." दुसरे घर तळमजल्यावर, कडुनिंबाच्या सावलीत होते. त्याचे भाडे हजार रुपयांनी जास्त होते. नळाला रोज पाणी येत नाही, हे सौभाग्यवतींनी विचारण्यापूर्वीच सांगून त्यांनी टाकीचे झाकण उघडून दाखवले आणि अनामत मालकाच्या खात्यावरच भरा, माझ्या हाती देऊ नका, असे बजावले.

करार ऑनलाइन नोंदवायचा होता. मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी भरून झाली, परंतु सारे अडले ते अंगठ्यापाशी. घरमालक केळीचे जुने शेतकरी. माती आणि चिकाने त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेलेल्या. यंत्र त्यांना ओळखायला तयार होईना. सात वेळा नकार आला. अखेर आमच्या दलालांनी डोक्यावरचा ओला रुमाल सोडला, मालकांचा अंगठा त्यात बराच वेळ गुंडाळून ठेवला आणि पुन्हा यंत्रावर टेकवला. हिरवा दिवा लागताच त्यांनी तो रुमाल पिळून पुन्हा डोक्याला बांधला आणि घड्याळाकडे पाहिले. पावणेतीन झाले होते. त्यांना पिंप्राळ्यात एक घर दाखवायचे होते.