‘किल्लारीला घरं हवी होती, श्वास नव्हे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या लेखावरच्या तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही. तुमचं म्हणणं असं, की शरीराच्या वाटेने, म्हणजे श्वासाकडे आणि अंगातल्या संवेदनांकडे लक्ष देऊन, मनावरचा आघात (ट्रॉमा) बरा करण्याची भाषा सुखवस्तू लोकांची आहे. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला घरं हवी होती, श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवणारे नव्हेत. आणि समाजाचं दुःख एकेकाच्या छातीपोटात शोधलं की सरकार सुटतं. शिवाय, पुरावा कुठे आहे?

घरांबद्दल वादच नाही. ३० सप्टेंबरच्या पहाटे, विसर्जन उरकून गावं झोपली असताना दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला कुणी श्वसनाचे प्रकार शिकवायला गेलं, तर मीही तुमच्याच बाजूने भांडेन. पण भूकंपानंतर लवकरच मानसोपचारतज्ज्ञांनी वाचलेल्यांपैकी काही जणांना तपासलं, तेव्हा निम्म्याहून अधिकांना मानसिक आजार आढळला. त्यात पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा, तो प्रसंग पुन्हापुन्हा अंगावर आणणारा आजार) आणि नैराश्य सर्वांत जास्त. भक्कम घर मिळालं तरी छत अंगावर येईल ही धास्ती आपोआप जात नाही. रस्त्यावरून ट्रक गेला, जमीन थरथरली, की डोक्याला कळतं हा ट्रक आहे, आणि तोवर अंग दाराकडे धावलेलं असतं. अशा माणसाला नुसतं समजावून भागत नाही, म्हणून शरीराकडे वळायचं.

आता पुरावा. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मानसतज्ज्ञ राजा सेल्वम यांच्या गटाने सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंगवर, म्हणजे शरीरातल्या संवेदनांकडे लक्ष देत आघात हलका करण्याच्या पद्धतीवर, आधारलेले उपचार दिले. १५० जण, प्रत्येकी ७५ मिनिटांचं एकच सत्र, आठ महिन्यांनी पुन्हा विचारपूस. बहुतेकांनी त्रास कमी झाल्याचं सांगितलं. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे उपचाराने किती आणि काळाने किती, हे त्यातून ठरत नाही. याहून भक्कम आहे आघातावर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांची २०१४ची अमेरिकेतली चाचणी. आधीच्या उपचारांना दाद न दिलेल्या ६४ स्त्रिया, दहा आठवडे. योग करणाऱ्या ३१पैकी १६ जणी पीटीएसडीच्या निकषांतून बाहेर आल्या. आरोग्यमाहितीच्या वर्गात बसलेल्या २९पैकी ६. चाचणी लहान आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगी नाही. आघात स्नायूंत साठतो आणि दोन दिवसांच्या शिबिरात पिळून काढता येतो, असं सांगून हजारो रुपये घेणाऱ्यांवर तुमचा राग असेल, तर तो माझाही आहे.

समाजाच्या दुःखाचा, म्हणजे सामूहिक आघाताचा, तुमचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला. अत्याचार करणारे गावात मोकळे फिरत असतील, तर अत्याचार सोसलेल्या वस्तीतल्या बाईची छाती धडधडणं हा आजार नव्हेच. तिचं शरीर धोका अचूक ओळखतंय. तिला शांत करायला जाणारा थेरपिस्ट तिचं नुकसान करेल. तिथे आधी अटक, खटला, संरक्षण. मात्र खटला वर्षानुवर्षं चालतो, दर तारखेला तीच हकीकत परक्यांसमोर सांगावी लागते, आणि तेवढ्या काळात तिला झोपायचं असतं, लेकरांना जेवू घालायचं असतं. शरीरावर काम करणाऱ्या उपचारांत ती हकीकत पुन्हा उगाळण्याची सक्ती नसते. एवढ्यासाठी तरी ते अशा बायकांपर्यंत पोचावेत, आणि फुकट पोचावेत, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या ओळखीत कुणी अशा त्रासात असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, आणि मराठीतूनही बोलता येतं.