भूल चढेपर्यंत

अमेरिकन गायिका बिली आयलिशवरचा तो माहितीपट दोन तास वीस मिनिटांचा आहे. मी स्वतः मोजलाय. दातांच्या डॉक्टरांनी मला अकराची वेळ दिली होती, अकराला पाच कमी असताना मी फिल्म सुरू केली आणि काउंटरवरच्या ताईंनी माझं नाव पुकारलं तेव्हा फोनवर शेवटची नावं वर सरकत होती. मधल्या भानगडी धरल्या तर जास्तच वेळ गेला. डॉक्टर वेळ देतात असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते घेतात, आपली.

फिल्म बघायची माझी इच्छा नव्हती. आदल्या दिवशी भाची बघत होती, मी शेजारी जाऊन बसलो तर मान न वळवता म्हणाली, "मामा, तुला नाही कळणार." ठणकणारी दाढ माणूस सहन करतो, हे वाक्य करत नाही. रात्री फिल्म फोनवर उतरवून घेतली. तिचा पहिला अल्बमसुद्धा घेतला. अभ्यास म्हणजे अभ्यास.

तर मी कोचाच्या कोपऱ्यात, गाल हातात, वायरचे इअरफोन दोन्ही कानांत. पडद्यावर लॉस एंजेलिसच्या हायलँड पार्क भागातलं एक छोटंसं घर. सोळा-सतरा वर्षांची मुलगी भावाच्या पलंगावर बसून गातेय, भाऊ फिनिअस कॉम्प्युटरसमोर. हाच स्टुडिओ. 29 मार्च 2019 ला जो अल्बम जगभर गेला, तो बराचसा या झोपायच्या खोलीत झालाय. माझ्या झोपायच्या खोलीत आजवर फक्त झोप झालीय, तीही पुरेशी नाही.

इतक्यात आतलं दार उघडलं आणि एक काकू बाहेर आल्या.

त्यांना भुलीचं इंजेक्शन दिलं होतं आणि "ओठ जड झाला की सांगा" असं म्हणून बाहेर बसवलं होतं. आत दुसऱ्याच कुणाची तरी दाढ हट्टाला पेटली होती. मोकळ्या खुर्च्या चार होत्या. काकू माझ्या शेजारी बसल्या. एक मिनिट समोरच्या भिंतीवरच्या दाताच्या चित्राकडे बघितलं, मग माझ्या फोनकडे. मग फोन त्यांना नीट दिसेल असा माझा हात त्यांनी वळवला. माझाच हात, मनगटाला धरून.

"कोण आहे ही?"

मी सांगितलं, गायिका आहे.

"काय झालं हिला? इतकं हळू का गाते? आजारी आहे?"

ऐकू येत नसताना हळू गाते हे कसं कळलं, विचारणार होतो. बघतो तर माझा उजवा इअरफोन माझ्या कानात नव्हता.

मला इअरफोनबद्दल बोलायचंय. दात घासायचा ब्रश आणि इअरफोन या दोन गोष्टी माणसानं नवरा-बायकोतसुद्धा वाटून घेऊ नयेत. शिवाय या मुलीचं गाणं म्हणजे सगळा कानाचा कारभार. ती हॉलच्या शेवटच्या रांगेसाठी गातच नाही, थेट कानात कुजबुजते. एक आवाज या कानात, त्याची सावली त्या कानात, मधून श्वास. एक इअरफोन गेला की गाण्याची एक भिंतच पडते. मला त्या दिवशी डावी बाजू मिळाली. उजवी बाजू काकूंकडे आहे.

आता काकूंच्या बोलण्याविषयी. पहिली दहा मिनिटं त्या ठणठणीत बोलत होत्या. मग पडद्यावर फिनिअस आला आणि त्यांनी विचारलं, "हा हाऊ?"

"काय?"

"हाऊ! हिचा हाऊ!"

मला वाटलं, इंग्रजीत काहीतरी विचारतायत. मी मराठीत सांगू लागलो की भाऊ आणि ही मिळून गाणी लिहितात, वगैरे. त्यांनी जोरजोरात मान हलवली आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. प, फ, ब, भ, म. शाळेत बाईंनी ओष्ठ्य म्हणून शिकवलेले पाचही वर्ण काकूंना सोडून गेले होते, आणि जाताना व ला घेऊन गेले होते. भूल चढली होती! पण हे डॉक्टरांना सांगायला जायचं कोणी? त्यांचं लक्ष फिल्ममध्ये लागलं होतं.

यातली गंमत अशी की ज्या वाक्यात हे वर्ण नसतील ते वाक्य लख्ख बाहेर पडायचं. "आई कुठाय?" हे काकू वृत्तनिवेदिकेसारखं विचारत. बापाची चौकशी मात्र "आ काय करतो?" अशी व्हायची आणि मी आ करून बघत राहायचो. शेवटी त्यांनी बापाचा नाद सोडला आणि सगळी चौकशी आईवर आणली. आई या शब्दाला ओठ लागत नाहीत. बाप ओठांशिवाय होत नाही. व्याकरणकारांनी याची नोंद घेतलेली माझ्या पाहण्यात नाही.

आणि आई त्या फिल्ममध्ये खरंच सगळीकडे आहे. एका गाण्याच्या व्हिडिओत बिलीच्या डोळ्यांतून काळे अश्रू ओघळतात. तो व्हिडिओ कसा हवा हे ठरवायला ही मुलगी घरामागच्या अंगणात आईलाच टेबलाशी बसवते आणि स्वतः कॅमेरा घेऊन फिरते. पुढे ते अश्रू आले तेव्हा काकू म्हणाल्या, "काजळ?" मी सांगू लागलो की हे मनातल्या दुःखाचं एक प्रतीक वगैरे. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी म्हणालो, "हो, काजळ."

पुढे एक प्रसंग आहे, जो मी गंभीरपणे टिपून घेतला होता, भाचीवर मारायला. फिनिअस आईला सांगतो की त्याला एक जोरदार चालणारं गाणं करायला सांगण्यात आलंय आणि तसं सांगितल्याचं बिलीला कळू द्यायचं नाही. कारण चालणारं गाणं कर म्हटलं की ती बिथरणार. मी फिल्म थांबवून काकूंना हे सविस्तर समजावलं. बाजार, कला, निरागसता, सगळं आलं त्यात. काकूंनी बधिर गालावर दोन बोटं आपटून बघितली, आतल्या दाराकडे हनुवटी केली आणि म्हणाल्या, "डॉक्टरही तेच करतात."

मग बोट फोनवर. "चालू कर." अरेतुरे कधी सुरू झालं मला कळलं नाही.

एकदा तर त्यांनी माझी विकेटच काढली. "ऐसे कोण घालतं? सिनेआला?" पैसे! मी घाईघाईनं सांगितलं की फिल्म 2021 साली आली, दिग्दर्शक आर. जे. कटलर आणि दाखवणारी अॅपल. पण निर्मितीत इंटरस्कोपचंही नाव आहे. म्हणजे जी रेकॉर्ड कंपनी अल्बम विकते, तीच अल्बम कसा झाला याच्या फिल्मलाही हातभार लावते. मग मुलगी थकली की कॅमेरा हजर, रडली की हजर. ते रडणं खरंच असतं, मी नाही म्हणत नाही. पण आजकाल प्रत्येक गायकाची अशी फिल्म निघते आणि प्रत्येकीत गायक अंथरुणात बसून म्हणतो की मला एकटं सोडा, आणि पलंगाच्या पायथ्याशी एक माणूस कॅमेरा धरून उभा असतो. त्या माणसाला कोणी जा म्हणत नाही. मलाही त्या दिवशी कोणाला जा म्हणता आलं नाही, पण ते वेगळं.

गायक जस्टिन बीबरचा प्रसंग आला तेव्हा मात्र आम्ही दोघंही गप्प होतो. लहानपणी ही मुलगी त्याच्यावर इतकी वेडी, की हिला मानसोपचाराला न्यावं की काय असं आईला वाटलं होतं. आणि 2019 च्या एप्रिलमध्ये, कोचेला नावाच्या संगीत महोत्सवाच्या गर्दीत, तो स्वतः येऊन समोर उभा राहतो. ती आधी जागची हलतच नाही. मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडते. काकूंनी डोळे टिपले. आता भुलीनं डोळ्याला पाणी येतं का, मला माहीत नाही. मीही टिपले, आणि मला तर भूलही दिली नव्हती.

फिल्मला मध्यंतर आहे. खरंखुरं मध्यंतर, फिल्म लांबलचक आहे हे त्यांनाही ठाऊक असणार. तिथंच मी चूक केली. मोठेपणा मिरवायचा म्हणून काकूंना सांगितलं की अल्बम सुरू होतो तोच ही मुलगी दात सरळ करायचे प्लास्टिकचे साचे काढतेय त्या आवाजानं. एका गाण्यात सिडनीच्या रस्त्यावरच्या पादचारी सिग्नलची टकटक आहे, जी हिनं फोनवर टिपली होती. आणि दुसऱ्या एका गाण्यात तर चक्क दातांच्या डॉक्टरांकडचं ड्रिल आहे.

"कशाला?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. त्यांनी तळहात पुढे केला. ऐकव.

मी लावलं. ते गाणं पलंगाखालच्या राक्षसाच्या तोंडचं आहे. खाली धडधड, वर ती कुजबुज. काकू कान लावून बसल्या. नेमकं तेव्हाच पुढचा नंबर समजून त्या अर्धवट उठल्या, वायर ताणली गेली आणि फोनमधून निघाली. माझा फोन सज्जन आहे, वायर निघाली की गप्प बसतो. काकू नव्हे. गाणं बंद पडलं म्हणून त्यांनी खाली वाकून अंगठ्यानं ते पुन्हा सुरू केलं.

दातांच्या दवाखान्यात ड्रिलचा आवाज येणारच, तो आतून आला तर लोक सहन करतात. ही त्या जागेची शिस्त आहे. तो बाहेरून, मोकळ्या कोचावरून, ढोलाच्या ठेक्यात आला की काय होतं ते मी बघितलं. वर्तमानपत्र वाचणाऱ्या गृहस्थांनी वर्तमानपत्र गालावर धरलं. समोरचा सात-आठ वर्षांचा मुलगा इतका वेळ आईचा हात धरून शहाण्यासारखा बसला होता. तो उठला आणि चपला न घालता सरळ जिन्यानं खाली गेला. आई त्याच्या मागे. चपला आईच्या हातात.

"काय चाललंय हे?" काउंटरवरच्या ताई उभ्या राहिल्या. "तुम्ही पेशंट पळवताय!"

मी काकूंकडे बघितलं. काकू भिंतीवरचं दाताचं चित्र वाचत होत्या. इअरफोन त्यांच्या मांडीवर गुंडाळी करून ठेवलेला, जणू विणायला घेतलेला.

"अहो, मी नाही, या..."

"त्यांना भूल दिलीय," ताई म्हणाल्या. "त्या बोलू पण शकत नाहीत."

काकूंनी माझ्याकडे बघून अत्यंत करुण चेहऱ्यानं मान हलवली.

मनातल्या मनात मी हिशोब केला होता की मुलगा पळाला म्हणजे माझा नंबर एकानं वर आला. ताईंनी वर्तमानपत्रवाल्यांना आत पाठवलं. त्यांच्याकडे अपॉइंटमेंट होती का? नव्हती. मी विचारलं. "ते शांत बसलेत ना," असं उत्तर मिळालं. अकराची वेळ घेऊन, दाढेत ठणके घेऊन, सव्वाबारा वाजता शांतपणाच्या गुणांवर मी नापास झालो, आणि ज्यांनी बटण दाबलं त्यांना प्यायला पाणी आणून दिलं गेलं. हे मी अजून विसरलेलो नाही. लिहितानाही पुन्हा रागच येतोय.

उरलेली फिल्म आम्ही आवाज बंद करून, इंग्रजी ओळी वाचत बघितली. म्हणजे काकू वाचत होत्या. माझ्यापेक्षा भरभर वाचायच्या, आणि मी मागे पडलो की कोपरानं ढोसायच्या. मुलीला गाडीचं लायसन मिळतं, ती पहिल्यांदा एकटी गाडी काढते, बाप सूचना देतोय. "एकटी जाते?" काकूंनी विचारलं, स्वच्छ. मग बराच वेळ काही नाही. ग्रॅमी या संगीत पुरस्कारांच्या रात्री, 2020 च्या जानेवारीत, अठरा वर्षांच्या त्या पोरीला चारही मोठे पुरस्कार एकदम मिळाले. हे आधी फक्त 1981 साली ख्रिस्तोफर क्रॉस या गायकाला जमलं होतं. मी काकूंना हे सांगायला वळलो. त्या नव्हत्या. त्यांना आत बोलावलं होतं. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "अहो, भूल उतरली की! सांगायचं नाही का?"

मग एकदाचं मला बोलावलं. इंजेक्शन, ड्रिल, कापूस. ड्रिल सुरू झालं तेव्हा पाय आपोआप ठेका धरू लागला आणि डॉक्टर म्हणाले, "पाय हलवू नका." भाचीला हे सांगायचं असं मी ठरवलं.

ती नेमकी मी दवाखान्याचा जिना उतरत असतानाच फोनवर आली. "मामा, बघितलीस? खरं सांग, कोण आवडलं सगळ्यात?"

माझ्याकडे सगळं तयार होतं. बाजार, कला, रेकॉर्ड कंपनी, पलंगाच्या पायथ्याचा माणूस. मी तोंड उघडलं, कापूस दाढेवर दाबला गेला आणि बाहेर पडलं ते "आई गं!"

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती हळूच म्हणाली, "मलापण. तिची आईच. मामा, तुला चक्क कळली रे."

मला खुलासा करायचा होता. म्हटलं निदान सुरुवात तरी करू, माझं मत असं आहे की.

"आझं अत..."

"काय?" भाची म्हणाली.