चहा कडू लागला, कॅप्सूल मिळाल्या नाहीत: ताईंच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार दिलात आणि तीन तक्रारी लिहिल्यात. ग्रीन टी कडूजहर निघाला. फोडलेलं पाकीट आम्ही परत घेतलं नाही. आणि आईंचं वजन कमी व्हावं म्हणून ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल मागितल्या, तर काउंटरवरच्या मुलाने "त्या ठेवत नाही, त्याने काही होत नाही" असं तोडून टाकलं. "जगभर एवढं संशोधन झालंय आणि चहा विकणाऱ्यांनाच पत्ता नाही," असं तुम्ही शेवटी म्हटलंय. तुमचा राग मला समजतो.

पहिल्या दोन्ही गोष्टींत चूक आमची. पाकिटावर वजन आणि किंमत छापली होती, चहा करायचा कसा ते कुठेच नव्हतं. आपल्याकडे चहा म्हणजे पातेल्यात खळखळ उकळायचा, ही हाताची सवय. ग्रीन टी तसा उकळला की घशाला बसतोच. पाणी उकळून गॅस बंद करा, झाकण काढून तीन-चार मिनिटं थांबा, मग कपभर पाण्याला लहान चमचाभर पत्ती टाका आणि दोन मिनिटांत गाळा. रंग फिकट पिवळसर हिरवा यायला हवा. तांबूस झाला तर पाणी जास्त तापलं किंवा पत्ती जास्त वेळ राहिली असं समजा. हे सगळं विकतानाच सांगायला हवं होतं. या आठवड्यापासून प्रत्येक पाकिटात मराठीत चिठ्ठी घालतोय.

कॅप्सूलचं मात्र वेगळं आहे. त्या न ठेवणं हा माझा निर्णय आहे, मुलाचा त्यात दोष नाही. "काही होत नाही" हे त्याने चुकीचं सांगितलं. होतं, आणि म्हणूनच मी त्या ठेवत नाही.

तुमच्या कपात जो कडवटपणा उतरला तो बऱ्याच अंशी कॅटेचिन नावाच्या द्रव्यांचा. मिचियो त्सुजिमुरा या जपानी विदुषीने १९२९ साली हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळं काढून दाखवलं. (त्या काळात एका बाईने प्रयोगशाळेत उभं राहून हे केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.) या कॅटेचिनांपैकी हिरव्या चहात सगळ्यात जास्त असतं ते एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, म्हणजे ईजीसीजी. तुम्ही मागितलेल्या कॅप्सूलमध्ये तेच दाबून भरलेलं असतं. म्हणजे जे कपात नकोसं झालं, तेच कितीतरी पटीने गोळीत होतं. जीभ कपाला थांबवते. कॅप्सूल जिभेला चुकवून थेट पोटात जाते.

संशोधन झालंय हे तुमचं अगदी खरं. जपानच्या मियागी प्रांतातला ओसाकी अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ४०,५३० माणसं होती. दिवसाला पाच किंवा जास्त कप ग्रीन टी पिणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी दिसले; कॅन्सरच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. पण ती माणसं चहा पीत होती, गोळ्या घेत नव्हती. शिवाय असा अभ्यास दोन गोष्टी सोबत चालताना दाखवतो. एकीमुळे दुसरी झाली हे त्यावरून ठरत नाही. वजनाचं म्हणाल, तर कोक्रेन या वैद्यकीय प्रयोग पडताळणाऱ्या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात निरनिराळे प्रयोग एकत्र तपासले गेले. वजनातली घट इतकी किरकोळ निघाली की तब्येतीच्या दृष्टीने तिला अर्थ नाही.

आता यकृताचं. अमेरिकेत मिनेसोटामध्ये हजाराहून अधिक, पाळी थांबलेल्या बायकांवर वर्षभर प्रयोग झाला. अर्ध्याजणींना रोज ८४३ मिलीग्रॅम ईजीसीजी असलेला अर्क, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, पण अर्क नसलेल्या गोळ्या. अर्क घेणाऱ्यांपैकी साधारण ५ टक्के बायकांच्या यकृताच्या तपासण्या लक्षात येण्याइतक्या बिघडल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण एक टक्क्याच्याही आत राहिलं. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये म्हटलं की रोजच्या चहातून पोटात जाणारं ईजीसीजी सरासरी ९० ते ३०० मिलीग्रॅम असतं आणि ते सहसा सुरक्षित आहे, पण गोळ्यांतून ८०० किंवा त्याहून जास्त गेलं तर यकृताला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसतात. २०२२ पासून तिकडे डबीवर "उपाशीपोटी घेऊ नये" असं छापावं लागतं.

हे मी आधी वाचलेलं नव्हतं. वाचायला लागलो ते घरच्या प्रसंगामुळे. माझ्या वहिनीने ओळखीतल्या कुणाच्या सांगण्यावरून अशाच कॅप्सूल सुरू केल्या, सकाळी अनशापोटी दोन. पाचव्या-सहाव्या आठवड्यात जेवण जाईना, मग लघवी गडद झाली. दादाला वाटलं, उन्हाळा आहे, पाणी कमी पडतंय. रविवारी ती खिडकीपाशी तांदूळ निवडत बसली होती, तेव्हा तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा आईच्या नजरेला पडला. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला लावल्या आणि एकेक डबी टेबलावर मांडली. हिरव्या पानाचं चित्र असलेल्या डबीवर त्यांनी बोट ठेवलं. काविळीच्या बाकीच्या कारणांच्या तपासण्या स्वच्छ आल्या. कॅप्सूल बंद केल्यावर एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढतं ते) खाली यायला दोन महिने लागले. कॅप्सूलमुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, डॉक्टरही "बहुतेक" असंच म्हणाले. पण तेव्हापासून ती डबी माझ्या फडताळात येऊ द्यायची नाही, हे मी ठरवलं. त्याआधी आमच्या दुकानात "वजन घटवणारा चहा" अशी पाटी होती. तीही मी उतरवली.

आईंना चहा आवडत असेल तर दिवसातून दोन-तीन कप खुशाल द्या. जेवणाला चिकटून नको, अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. बायकांना तर हे आधीच कमी पडतं. त्यांना बीपीच्या किंवा आणखी कसल्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला. नॅडोलॉल नावाची बीपीची गोळी ग्रीन टीसोबत घेतली तर रक्तात नीट उतरत नाही, असं जपानमधल्या प्रयोगात दिसलंय.

पाकीट घेऊन या, अर्धं संपलं असलं तरी चालेल. पैसे परत मिळतील. रविवार कारंजाच्या दुकानात मी संध्याकाळी पाच ते साडेआठ स्वतः असतो. मुलालाही तुमच्याशी बोलायचंय, तो उद्धट नाही, शिकतोय. आईंनाही आणा. एक कप नीट करून तुमच्यासमोर देतो, तोही कडू लागला तर तुमचा एक स्टार तसाच राहू द्या.