दिवाळीतल्या छोट्या रणाच्या फेरीबद्दल अकोटच्या भाऊंना उत्तर

नमस्कार भाऊ,

गुजरातमधल्या कच्छच्या छोट्या रणात मी दिवाळीत नेलेल्या गाड्यांच्या फेरीवरचा तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला. काल दिवसभर वावरात कापूस वेचायला बाया होत्या, तिथं उभा होतो, पण डोक्यात तोच विषय होता. तुम्ही एक स्टार दिला आणि चार गोष्टी लिहिल्या: परमिट हातात असून पहिल्या दिवशी गाड्या रणात घातल्या नाहीत, नाक्यावर दीड तास ताटकळलो, घुडखरांच्या, म्हणजे तिथल्या रानगाढवांच्या, मागे गाडी नेऊ दिली नाही, आणि पैसे पूर्ण घेऊन फेरी अर्धीच दाखवली. पुढे येणारे लोकही हे वाचतील, म्हणून फोन न करता इथंच लिहितो.

नाक्यावरचा दीड तास सर्वस्वी माझ्यामुळे गेला. तुमची गाडी एमएच ३०, आणि मी अर्जावर एमएच २७ लिहून बसलो. दर्यापुरात दिवसभर २७ च डोळ्यांसमोर असतं, हात तसाच चालला, आणि पाठवण्याआधी आरसी बुकाशी ताडून पाहिलं नाही. वनरक्षकांनी कागद आणि नंबरप्लेट मिळवून पाहिली, जुळली नाही, गाडी बाजूला घ्यायला लावली. त्यांचं बरोबर होतं. कोणती गाडी, कोणत्या दिवशी, किती माणसं घेऊन आत गेली हे त्या कागदावरूनच कळतं, आणि संध्याकाळी एखादी गाडी परतली नाही तर शोध तिथूनच सुरू होतो. वहिनी आणि लेकरं उन्हात गाडीत बसून राहिली, याचं मला वाईट वाटतं. माफ करा.

आता मोठा मुद्दा. तुम्ही लिहिलं, ‘परमिट म्हणजे परवानगी, मग अडवणारा ऑपरेटर कोण?’

भाऊ, परमिटनं रणातल्या घुडखर अभयारण्यात शिरता येतं. खालची जमीन गाडी पेलेल की नाही हे त्या कागदावर कुणीच लिहून देत नाही. तुम्ही अकोटचे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली माती तुम्हाला मी काय सांगावी? पाऊस थांबून आठ दिवस झाले, वरून भेगा पडल्या, म्हणून पांदणीत ट्रॅक्टर घालावा आणि मधेच तो एक्सलपर्यंत बसावा, हे आपण लहानपणापासून पाहतो. कच्छचं छोटं रण म्हणजे तीच गोष्ट, फक्त सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरवर पसरलेली. पावसाळ्यात एकीकडून कच्छच्या आखाताचं खारं पाणी वाऱ्यानं आत ढकललं जातं, दुसरीकडून बनास, रूपेण, सरस्वती या नद्यांचं पाणी येऊन मिळतं. जमीन ताटासारखी सपाट, त्यामुळे पाण्याला निघून जायला उतार नाही. ते तिथंच आटतं आणि मीठ मागे ठेवतं. वरचा थर उन्हानं लवकर कडक होतो, पण खालच्या चिकणमातीतली ओल मीठ धरून ठेवतं.

त्या सकाळी तुम्ही गाडीत होता, म्हणून तुम्हाला जे दिसलं नाही ते सांगतो. आपले वाटाडे काका अगरियांच्या, म्हणजे रणात मीठ पिकवणाऱ्यांच्या, कुटुंबातले, मिठागरात वाढलेले. ते माझ्यासोबत दोनेकशे पावलं पुढे चालत गेले. जमीन पांढरट, टणक, बुटाखाली करकर वाजत होती. काकांनी टाच जोरात मारली तेव्हा कवच भाजलेल्या पापडासारखं तडकलं आणि फटीतून काळा गारा वर आला, त्याला कुजका वास. मग त्यांनी हातातली सळई दाबली. फारसा जोर न लावता ती वीतभर, मग हातभर आत गेली. काका एवढंच म्हणाले की आज मोटरसायकल जाईल, गाडी नाही. मी तिथूनच परत फिरलो.

टायरमधली हवा १८ पीएसआयवर आणून निघालो असतो, असं तुम्ही तेव्हाही म्हणालात आणि आताही लिहिलं आहे. जैसलमेरकडच्या कोरड्या वाळूत तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. तिथं हवा कमी केली की टायर पसरतो, वजन वाटलं जातं आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. इथं मात्र कवच फुटलं की पसरलेल्या टायरलाही खाली धरायला काही मिळत नाही. फोर-लो मध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या खालच्या गिअरमध्ये, चारही चाकं फिरतात आणि चारही चाकं खड्डा खणतात. वरून विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र, लावायची तर बांधायला एक झाड नाही, एक दगड नाही.

मी हे ऐकीव सांगत नाही. पहिल्या वर्षी मीच माझी गाडी अशी फसवली होती. स्टेपनी जमिनीत पुरून तिला विंचचा दोर बांधला, तर स्टेपनीच उपटून आली. फावड्यानं खणलं की खड्डा पाण्यानं भरायचा. शेवटी अगरियांचा एक ट्रॅक्टर त्यांच्या पक्क्या चाकोरीवर लांब उभा केला, दोन दोर जोडून गाडी ओढून काढली. नऊ तास गेले. माझ्यासोबत तेव्हा फक्त एक मित्र होता. तुमच्या फेरीत चार गाड्या आणि पाच लेकरं होती. त्यामुळे तुम्ही कितीही रागावला असता तरी त्या सकाळी मी गाडी पुढे घालू दिली नसती, आणि पुढच्या वेळीही घालू देणार नाही.

पण तुमच्या रागाचं खरं कारण याच्या अलीकडचं आहे, आणि तिथं मी कमी पडलो. अभयारण्य १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं. ते उघडल्या उघडल्या दिवाळीच्या सुट्ट्या येतात, लोक विचारतात, आणि मी फेरी लावली. रण उघडणं वेगळं आणि रण वाळणं वेगळं, हे मला माहीत होतं. आतल्या भागात गाडीजोगी जमीन व्हायला बहुतेक वेळा डिसेंबर उजाडतो. हे मी तुम्हाला पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं. जाहिरातीत फोटो टाकला तो जानेवारीतला, दूरवर भेगाळलेल्या कोरड्या जमिनीचा. तुम्ही तो फोटो पाहून दोन दिवस गाडी चालवत आलात आणि पहिला अख्खा दिवस कडेकडेनं, गावांच्या आणि तळ्यांच्या बाजूनं फिरलात. फसवल्यासारखं वाटणं साहजिक आहे. तो फोटो मी काल काढून टाकला. यापुढे दिवाळीत छोट्या रणाची फेरी लावणार नाही, कितीही मागणी आली तरी.

घुडखरांबद्दल मात्र मी मागे हटत नाही. तुम्हाला कळपाचा धावतानाचा व्हिडिओ हवा होता, आणि मी वॉकीटॉकीवर ओरडलो. आवाज चढला ते चुकलं. पण त्या कळपात तुम्ही नीट पाहिलं असेल तर तीन पिल्लं होती, फिकी, लांब पायांची. त्यांचा जन्म बहुतेक पावसाळ्यातच होतो, म्हणजे तुम्ही पाहिली ती काही महिन्यांचीच. कळपामागे गाडी लावली की मोठी जनावरं सुसाट पळतात आणि पिल्लू मागे पडतं. हे जनावर आता मुख्यतः याच भागात उरलंय. २०२४ च्या गणतीत ७,६७२ भरली. एकेकाळी ती हजाराच्याही आत आली होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली अभयारण्यात वन्यप्राण्यांना त्रास देणं गुन्हा आहे, पण खरं सांगतो, त्या क्षणी मला कायदा आठवला नाही, पिल्लं दिसली. शिवाय चाकोरी सोडली की पुढे अगरियांच्या मिठागरांच्या पाळी लागतात. खोल विहिरीतून खारं पाणी उपसून ते या पाळींच्या आत वाळवतात, तेव्हा कुठं मीठ धरतं. एक पाळ टायरनं फुटली की एका घराचं कित्येक दिवसांचं काम वाहून जातं. आपल्या वावराचा धुरा कोणी ट्रॅक्टरनं तोडला तर आपण काय करतो?

दोन्ही दिवस बाजरीचा रोटला आणि तेच शाक होतं, हेही तुम्ही लिहिलंय. खरं आहे. लेकरांसाठी पोळी-वरणाची सोय पुढच्या फेरीपासून राहील.

पैशांचं असं. तुमच्याकडून एका गाडीचे १४,५०० घेतले होते. रणातला एक दिवस झाला, एक झाला नाही. अर्धे, म्हणजे ७,२५० रुपये आज सकाळी ज्या नंबरवरून तुम्ही आगाऊ रक्कम पाठवली होती त्याच नंबरवर परत केले आहेत. बाकी तिन्ही गाड्यांनाही तेवढेच पाठवले. त्यांनी मागितले नव्हते, पण नुकसान सगळ्यांचं सारखंच झालं. तुमचा अभिप्राय काढा किंवा स्टार वाढवा असं मी म्हणणार नाही. जे घडलं तेच तुम्ही लिहिलंय.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात चार गाड्या घेऊन पुन्हा जातोय. निघायच्या चार दिवस आधी काका आतली चाकोरी मोटरसायकलनं पाहून येतील आणि ओल असेल तर घर सोडण्याआधीच सगळ्यांना फोन जाईल. तेव्हा फेरी रद्द केली तर पूर्ण पैसे परत. तुमच्या गाडीची जागा मी धरून ठेवली आहे, त्या दिवसाचे वेगळे पैसे नकोत. यायचं ठरलं तर आरसी बुकाचा फोटो पाठवा, यावेळी अर्ज भरून झाला की आधी तुम्हाला दाखवीन.