करारात नाव नसलेली मांजर

माझी मामेबहीण ठाण्याला चेंदणीत राहते. तिच्या नवऱ्याला इकडे जर्मनीत, वॉलडॉर्फला नोकरी लागली आहे. मी शेजारच्याच वीसलोख गावात बरीच वर्षं राहते आहे, त्यामुळे घर कोणत्या भागात बघावं इथपासून कुकर आणावा की नाही इथपर्यंत सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. गेल्या महिन्यातल्या एका प्रश्नावर मात्र घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस रणधुमाळी चालली होती. "ताई, मीटरबाईला घेऊन येऊ का?"

मीटरबाई म्हणजे त्यांच्या जिन्याखालची मांजर. विजेच्या मीटरांच्या लाकडी कपाटावर झोपते म्हणून हे नाव. पांढरी, काळी आणि भगवी, म्हणजे तीनरंगी, म्हणजे जवळजवळ नक्कीच मादी. जन्म तिथलाच, मालक कोणीच नाही. सकाळी कोळीण फाटकाशी पाटी उतरवते तेव्हा तिची हाक वर माणसांना ऐकू जायच्या आत मीटरबाई पायऱ्या उतरून शेपटी उभी करून बसलेली असते. मांदेलीची डोकी तिची, बोंबलाचं जे काही कापून टाकतात तेही तिचं. श्रावणात निम्म्या घरांत मासळी बंद झाली की ती चार-चार दिवस कोळीवाड्यात मुक्काम ठोकते आणि गणपती गेले की पुन्हा कपाटावर हजर. मामेबहिणीच्या घरात ती रोज संध्याकाळी येते, सोफ्याच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात बसते आणि दार लावायला गेलं की उठून निघून जाते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

ग्रुपवर काकांचं म्हणणं, इथे माणसांचे व्हिसा अडकलेत आणि तुम्ही मांजरीला परदेशी नेताय. मामी म्हणाली, तिला इथे काय कमी आहे? कॉलेजातल्या भाच्याने सोडून जाणं म्हणजे विश्वासघात, असं जाहीर करून टाकलं. न्यू जर्सीच्या चुलतभावाने सांगितलं, आम्ही आणली की आमची, काही त्रास झाला नाही. त्याचं बरोबर आहे, पण ते त्याच्यापुरतंच. अमेरिकेचं केंद्र सरकार मांजरीसाठी रेबीजच्या लशीचा दाखलासुद्धा मागत नाही. उलट ऑस्ट्रेलियाला भारतातून मांजर थेट नेताच येत नाही, आधी मान्यताप्राप्त देशात १८० दिवस ठेवावी लागते. एकाच देशातून निघालेल्या मांजरीला तीन देशांत तीन नियम, तेव्हा "आम्ही केलं, तुम्हीही करा" या सल्ल्याला इथे फारसा अर्थ नाही.

युरोपचं गणित असं. आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची चिप, मग रेबीजची लस, हाच क्रम, उलटा चालत नाही. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना. तो युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत जातो आणि प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट किंवा जास्त यावं लागतं. आलं, तरी नमुना घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. मग निघायच्या आधीच्या दहा दिवसांत आरोग्याचा दाखला, त्यावर मुंबईच्या पशू संगरोध केंद्राची मोहोर. शिवाय मांजर आणि मालक यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर ती पाळीव म्हणून न धरता व्यापारी माल म्हणून धरली जाते. विमानाचं त्यामानाने सोपं, काही कंपन्या पिंजऱ्यासकट आठ किलोपर्यंतची मांजर केबिनमध्ये घेऊ देतात. हा सगळा जाच रेबीजपायी. जर्मनी २००८ पासून जमिनीवरच्या प्राण्यांतल्या रेबीजपासून मुक्त आहे, आपल्याकडे तो अजून माणसं मारतो. त्यामुळे या नियमाला मी तरी नावं ठेवणार नाही.

बेरीज केली तर चार महिन्यांच्या आत काहीही होत नाही. नोकरीचा व्हिसा त्याच्या कितीतरी आधी हातात पडू शकतो. म्हणून जे लोक "शेवटी बघू" म्हणतात त्यांचा निर्णय झालेला असतो, मांजर राहणार. फक्त तो निर्णय आपण घेतला असं त्यांना स्वतःला म्हणावं लागत नाही.

आता इकडचं. आपल्याकडे एक समजूत पक्की आहे की युरोपात प्राण्यांची चैन असते आणि रस्त्यावर एकही बेवारस जनावर नसतं. इथे राहणारे आपले लोकच ती पसरवतात, भारतातल्या प्रत्येक बातमीखाली "आमच्याकडे बघा" म्हणून. कुत्र्यांच्या बाबतीत ते खरं आहे. मांजरींच्या बाबतीत नाही. जर्मनीत बेवारस मांजरी भरपूर आहेत, फक्त त्या जिन्याखाली नसतात. शेतांवरच्या गोठ्यांत, कारखान्यांच्या मागे, बागांच्या झोपड्यांत असतात आणि माणूस दिसला की पळतात. पाडरबॉर्न शहराने २००८ मध्ये मोकळ्या फिरणाऱ्या मांजरींची नसबंदी मालकांना सक्तीची केली, पुढे कितीतरी गावांनी तोच कित्ता गिरवला. प्रश्न नसता तर कायदा कशाला केला असता?

आणि वॉलडॉर्फ, जिथे मामेबहीण येणार आहे, ते तर या बाबतीत जगभर गाजलेलं गाव. तिथे तुरेवाल्या चंडोलाच्या मोजक्याच जोड्या उरल्या. हा पक्षी जमिनीवर घरटं करतो, म्हणजे मांजरीच्या तोंडाशीच. २०२२ च्या मे महिन्यात प्रशासनाने आदेश काढला की गावाच्या दक्षिण भागातल्या मांजरी ऑगस्टअखेरपर्यंत घरातच ठेवायच्या, आणि हेच पुढच्या तीन वर्षांच्या विणीच्या हंगामातही. बाहेर न्यायची तर जास्तीत जास्त दोन मीटरच्या दोरीने बांधून. मांजर मोकळी सापडली तर ५०० युरो दंड, तिने चंडोल मारला तर ५०,००० पर्यंत. मांजरवाले खवळले, पक्षीवाले खूश झाले. मला त्यात रस वाटला तो वेगळ्याच कारणाने. भांडण कडाक्याचं होतं, पण नोटीस कोणाच्या नावाने काढायची हा प्रश्न कोणालाच पडला नाही. प्रत्येक मांजरीमागे एक घर होतं, एक माणूस होता.

मीटरबाई इथे आली तर तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहील. इथल्या खिडक्या वरून आत कलतात, हवा यावी म्हणून अर्धवट उघड्या ठेवायची सर्रास पद्धत आहे. मांजर त्या फटीतून बाहेर पडायला बघते, घसरते आणि खाली निमुळत्या होत गेलेल्या जागेत कमरेत अडकते. जितकी धडपडते तितकी खाली रुतते. मागच्या पायांचा रक्तपुरवठा बंद पडून मांजरी लुळ्या होतात, मरतात. इथल्या पशुवैद्यांना हा प्रकार नावानिशी ठाऊक आहे आणि दुकानांत त्या फटीला लावायच्या जाळ्या मिळतात. ज्या मांजरीला आयुष्यात बंद दार माहीत नाही, ती पहिल्या आठवड्यात कुठे जाईल? त्या खिडकीकडेच.

घर मिळणं हाही एक प्रकार. भाडेकरारात कुत्र्या-मांजरांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असा इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे, पण करार झाल्यावर. करार व्हायच्या आधी एका फ्लॅटसाठी रांगेत उभी असलेली इतर जोडपी बिनमांजरीची असतात, आणि घरमालकाला कारण सांगायची गरज नसते.

एवढं वाचून मी न आणण्याच्या बाजूची आहे असं वाटेल. मामीला तर तसं वाटलंच, तिने मला लगेच अंगठा पाठवला. आणि दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न आला असता तर मी सरळ सांगितलं असतं, राहू दे तिला तिथेच. मीटरबाई माणसावर जगत नाही, जागेवर जगते. जिना, कपाट, कोळणीची पाटी, श्रावणातला कोळीवाडा, हे सगळं मिळून तिचं घर आहे. मामेबहीण त्यातला एक कोपरा आहे, सोफ्याचा.

पण ती जागाच चालली आहे. बिल्डिंग पुनर्विकासाला निघाली. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालची, पुनर्विकास मंजूर करायची सभा झाली, बिल्डर ठरला, करारात सगळं आलं, वाढीव चौरस फूट, दरमहा भाडं, सामान हलवायचा खर्च, कॉर्पस म्हणजे बिल्डरने द्यायचा निधी. वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या तुळशीवृंदावनाचासुद्धा उल्लेख करून घेतलाय म्हणे. मांजरीचा कुठे असणार? ती सभासद नाही, भाडेकरू नाही. सभासद कळव्याला, कासारवडवलीला, कोणी डोंबिवलीला पांगतील. चारी बाजूंनी पत्रे लागतील आणि मीटरांचं कपाट पहिल्या दिवशी तोडलं जाईल. ठाण्यात जुन्या वस्त्यांतून हिंडलात तर असे पत्रे जागोजागी दिसतील. त्या प्रत्येक जिन्याखाली कोणी ना कोणी होतं.

इथे मला भारतातल्या वादांची आठवण येते. २०२५ च्या जुलैत मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायचं सरकारने विधान परिषदेत सांगितलं, पाठोपाठ दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली गेली आणि ऑगस्टमध्ये आंदोलकांनी ती फाडली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेला दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे उचलायला सांगितले आणि २२ तारखेला आदेश बदलून म्हटलं, नसबंदी आणि लस करून पुन्हा जागेवर सोडा, खाऊ मात्र ठरवलेल्या ठिकाणीच घाला. नवी मुंबईतही कुत्र्यांना खाऊ घालण्यावरून सोसायट्यांत दंड आणि कोर्टकज्जे झाले. मी इथून हे सगळं वाचत होते. दोन्ही बाजू तावातावाने एकच गोष्ट बोलत होत्या, खाऊ घालावं की घालू नये. खाऊ घालणारा घर बदलून गेला तर पुढे काय, यावर जवळजवळ कोणीच बोललं नाही. भटक्या जनावरांबद्दलच्या केंद्राच्या २०२३ च्या नियमांत 'सामुदायिक प्राणी' याची व्याख्या आहे, वस्तीत जन्मलेला आणि कोणीही मालकी न सांगितलेला प्राणी. खाऊ घालण्याची जागा ठरवायची जबाबदारी त्यांनी सोसायटीवर टाकली आहे. नियम चांगला आहे. पण सोसायटीच तीन वर्षांसाठी विरघळली तर जबाबदारी कोणाची, हे कोण सांगणार?

इकडची पद्धत मला सगळी पटते असं नाही. मांजरीला दोन मीटरच्या दोरीवर फिरवणारा माणूस बघून मला अजूनही हसू येतं, आणि चेंदणीतल्या मांजरीचं आयुष्य त्याहून रसरशीत आहे याबद्दल मला शंका नाही. पण सगळ्यांची म्हणवणाऱ्या जनावराच्या वाट्याला, जागा पडते त्या दिवशी, कोणीच येत नाही. त्या दिवसापुरता तरी कागदावर एक मालक लागतो.

तेव्हा मामेबहिणीला मी जे सांगितलं ते असं. आधी नसबंदी, चिप आणि लस करून घे. या तिन्ही गोष्टी तिने तिथेच राहायचं ठरलं तरी लागणार आहेत, त्यामुळे खर्च फुकट जात नाही. रक्ताचा नमुनाही देऊन टाक, म्हणजे दार उघडं राहील. तोवर कोळीवाड्यात विचार. श्रावणात ती ज्यांच्याकडे जाते त्यांच्यापैकी कोणी कायमची ठेवायला तयार असेल तर तो पहिला पर्याय, जर्मनी दुसरा. आणि रात्री दार लावून बघ. पिंजरा घरात उघडा ठेव, त्यात खायला घाल. मांजरीच्या पिल्लाला माणसाची सवय लागते ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. मीटरबाईला माणसाचं भय नाही, तेव्हा ती शिकेल अशी आशा आहे. महिन्याभरात ती बंद दाराआड शांत झोपली तर आण. रात्रभर दार ओरबाडत राहिली तर केवळ आपल्याला बरं वाटावं म्हणून तिला तिसऱ्या मजल्यावर कोंडायला आणू नकोस.

काकांचा पैशांचा मुद्दा उरतो. एवढ्यात एखाद्या मुलाची फी झाली असती, असं ते म्हणाले. झाली असती. पण हेच कुटुंब निघताना बॅगेच्या जादा वजनाचे पैसे भरेल, कुकर आणि पुरणयंत्र नेईल, तेव्हा त्या मुलाची आठवण कोणी काढणार नाही. हा मुद्दा फक्त जनावर आलं की निघतो, म्हणून मी तो फारसा मनावर घेत नाही.

चिप आणि लस झाली आहे. कोळीवाड्यातल्या एका घराने "बघू" म्हटलंय. आणि पत्रे लागायच्या आधी सोसायटीची आणखी एक सर्वसाधारण सभा आहे. मी तिला म्हटलं, आयत्या वेळच्या विषयांत हा विषय घाल. एकट्या मीटरबाईचा नाही, आवारातल्या सगळ्याच मांजरींचा, बिल्डर काम सुरू करायच्या आधी त्यांचं काय. तिने सेक्रेटरींना विचारलं. ते क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, "लेखी द्या." तिने त्याच संध्याकाळी दिलं, पोच घेतली आणि मला फोटो पाठवला.