इंग्रजीत न आलेली ओळ

२००८ साली आम्ही नेदरलँड्समध्ये उट्रेख्तला राहायला आलो. दुसऱ्याच दिवशी शेजारीण भेटायला आली. उंच, सोनेरी केसांची, आणि तिचा हात धरून सहा वर्षांची एक सावळी मुलगी, नाकीडोळी अगदी आपल्याकडची. मी सहज विचारलं, ‘ही कोणाची?’ आईच्या आधी मुलगीच डचमध्ये काहीतरी बोलली. आईने ते मला इंग्रजीत सांगितलं, ‘ती म्हणते, मी हिचीच. पण पोटातून नाही, विमानातून आले.’

मला काय बोलावं सुचेना. आमच्या नात्यात एक दत्तक मुलगा होता. तो खोलीत आला की मोठी माणसं विषय बदलायची. त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आपण दत्तक आहोत हे आपण होऊन सांगणारं मूल मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं. पुढे कितीतरी वर्षं मी भारतात फोन करून सगळ्यांना तिचं उदाहरण द्यायचे. मुलाला लहानपणीच खरं सांगा, लपवू नका. आजही मला तेच वाटतं. पण सांगायचं ते खरं आहे का, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यातही आला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी तीच मुलगी एक फाइल घेऊन आमच्याकडे आली. आता ती वीस-बावीस वर्षांची. भारतातल्या संस्थेकडून आलेले कागद होते, आणि त्यात एक पान हाताने लिहिलेलं, मराठीत. तिच्या घरात ते कोणालाच वाचता येत नव्हतं. सोबतच्या इंग्रजी कागदावर लिहिलं होतं, ‘बेवारस सापडली, पालक अज्ञात.’ मी मराठी पान वाचायला घेतलं. ‘एका बाईने आणून दिले. आई असल्याचे सांगते. वय अंदाजे १९. बाळाच्या अंगात पिवळे झबले.’

मी ते तीनदा वाचलं आणि मगच तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, ‘म्हणजे मला कोणी टाकलं नव्हतं.’ झबलं म्हणजे काय, असं तिने विचारलं. मला डच शब्द सापडेना, म्हणून कागदाच्या कडेला चित्र काढून दाखवलं.

इंग्रजीत ती ओळ का आली नाही, मला माहीत नाही. घाईत राहिली असेल, किंवा ‘पालक अज्ञात’ लिहिलं की पुढची संमती-बिमती लागत नाही म्हणून असेल. पण अशा प्रश्नांनीच हा देश गेली काही वर्षं ढवळून निघाला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथल्या चौकशी समितीने सांगितलं की परदेशातून आणलेल्या मुलांच्या बाबतीत खोटे कागद, पैशांचे व्यवहार असे गैरप्रकार वर्षानुवर्षं चालले होते आणि सरकारला ते कळूनही सरकारने पुरेसं काही केलं नाही. त्याच दिवशी परदेशी दत्तक थांबवण्यात आलं. नंतर ते काही प्रमाणात सुरू झालं, पण २०२४ मध्ये संसदेने ते बंदच करा असा ठराव केला.

आणि त्याच काळात भारतातून मला ऐकू येतं, ‘कागद कमी करा.’ माझी भाची आणि तिचा नवरा मूल दत्तक घेण्यासाठी तीन वर्षं ‘कारा’च्या, म्हणजे भारतातल्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या यादीत आहेत. तिच्या आवाजातला थकवा मला फोनवर कळतो. मूल संस्थेत वाढतंय आणि आईबाप रांगेत उभे, हे कोणाला बघवेल? बाल न्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देऊ लागले, ते वेळ वाचावा म्हणूनच. तारखा पडत राहणं, फायली टेबलावर पडून राहणं, हे थांबायलाच हवं.

पण मूल सोपवणाऱ्या आईला विचार बदलायला मिळणारे दोन महिने? मूल कोणी, कधी, कोणत्या परिस्थितीत आणलं याची नोंद? यातलं काहीही कमी करायला माझा विरोध आहे. भाचीला हे मी सांगितलं तेव्हा ती चिडली. ‘तुला तिकडे बसून बोलायला काय जातंय,’ म्हणाली. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. तरी तिच्या उद्याच्या बाळाच्या फाइलमध्ये ती एक ओळ असावी, हा माझा हट्ट आहे.

सुट्टीत भारतात गेले की मीच संस्थेत जाऊन चौकशी करते, असं मी शेजारच्या मुलीला म्हणाले होते. नियमात ते बसत नाही. वयाच्या अठरा वर्षांनंतर आपल्या मुळाचा शोध घ्यायचा तर दत्तक गेलेल्या व्यक्तीनेच अर्ज करायचा, तिऱ्हाइताने नाही. आधी मला राग आला. मग त्या एकोणीस वर्षांच्या बाईचा विचार मनात आला. आज ती चाळिशीत असेल, तिचं घरदार असेल. तिच्या दारात मी कोण म्हणून उभी राहणार?

मुलीने स्वतः अर्ज केला आहे. उत्तर यायचंय. कदाचित ‘भेटायचं नाही’ असंही येईल, हे तिला माहीत आहे. तरी दर रविवारी ती माझ्याकडे येते आणि आम्ही एकच वाक्य घोकतो, ‘मी बरी आहे, मी रागावलेली नाही.’ तिचा ‘ग’ डच लोकांसारखा घशातून खरखरत येतो. परवा पहिल्यांदा तो नीट आला.